सातवे पाऊल टाळावे

वऱ्हाडातील पुरुषास एका वेळी किती बायका असू शकतात, हा प्रश्न शास्त्रीय दृष्टीने अपुरा आहे. त्यासोबत वर्ष, तालुका, धर्म, जमात आणि पुरोहिताची कार्यक्षमता हेही कळवावे लागते. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्याविवाहास, म्हणजे पहिली पत्नी हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नास, गुन्हा ठरवले. तथापि अकोला आणि अमरावती त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असल्याने, भुसावळला जे लग्न तुरुंगाची वाट दाखवी तेच रेल्वेने पूर्वेकडे अकोल्यात वाजंत्री आणि पंगतीवर भागे. भुसावळकराने अकोल्यास येऊन बार उडवून घ्यावा, ही पळवाट चतुर विधिमंडळाने आधीच बुजवली होती, कारण प्रांताच्या अधिवासी माणसाने सीमेबाहेर लावलेले दुसरे लग्नही रद्दबातल ठरे. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी हा कायदा उचलून धरला आणि समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते असा निर्वाळा दिला. वऱ्हाडाचा टप्पा १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह कायद्यासोबत आला. तोवरची सवलत अर्थातच पुरुषांपुरती होती.

हिंदू विवाह कायदाही वऱ्हाडभर सारखा नाही. अनुसूचित जमातींना तो, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही, म्हणून मेळघाटातील कोरकूंचे विवाह त्यांच्या रूढीने चालतात. त्यातही १९७६ पर्यंत जमातींच्या यादीला क्षेत्रमर्यादा होती आणि अमरावती जिल्ह्यात ती मेळघाटापुरती असल्याने, घाट उतरून अचलपुरास स्थायिक होणारा कोरकू कागदोपत्री जमातीबाहेर पडे, आणि एकपत्नीव्रताचे बंधन त्याला बहुधा पायथ्याशीच गाठत असे. मुस्लिम पुरुषास व्यक्तिगत कायद्याने चार पत्नींची मुभा आहे. तेवढ्या एका वाक्यावर निवडणुकीची अख्खी सभा निघते, म्हणून येथे अधिक विस्तार नको.

खरा रस आहे तो पुराव्यात. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली असे ठरवले की, दुसरा विवाह गुन्हा ठरण्यासाठी तो विधिपूर्वक लागलेला असला पाहिजे. होम आणि सप्तपदी, म्हणजे अग्नीसमोर वधूवरांनी मिळून टाकलेली सात पावले, सिद्ध न झाल्याने आरोपी सुटला. गांधर्व पद्धतीत हे विधी लागत नाहीत हा युक्तिवादही, तशी रूढी सिद्ध न झाल्याने, टिकला नाही. तात्पर्य, जो दुसरीस मंत्रोच्चारासह मानाने घरात आणतो त्याला सात वर्षांपर्यंत कैद, आणि जो तिला हारतुऱ्यावर भागवतो तो निर्दोष. तिच्या पदरी मात्र ना कुंकवाचा हक्क ना वारसा. इतक्या आस्थेने अर्धवट विधींचे रक्षण क्वचितच कोणत्या धर्मशास्त्राने केले असेल.

संमतीचे काय? डिसेंबर २०२२ मध्ये अकलूज येथे जुळ्या बहिणींनी एकाच वराशी राजीखुशीने लग्न लावले, आणि पोलिसांनी अदखलपात्र गुन्हा, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय ज्याचा तपास करता येत नाही असा गुन्हा, नोंदवला. अशा प्रकरणी न्यायालय दखल घेते ती पीडित व्यक्तीच्या तक्रारीवरून, किंवा पत्नीच्या वतीने तिच्या ठरावीक नातलगांच्या. येथे दोघीही हौसेने हार घालत होत्या, आणि पीडित शोधण्याचे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आले. याउलट लग्नाचा विषयच न काढता तिघे एकत्र राहिले असते, तर व्यभिचाराचे कलम २०१८ मध्येच रद्द झालेले असल्याने, फौजदारी कायद्यास त्यात काही वावगे दिसले नसते.

राज्य शासन स्वतः या बाबतीत व्यापक दृष्टीचे आहे. त्याचे वर्तणूक नियम कर्मचाऱ्यास पत्नी हयात असताना परवानगीविना दुसरे लग्न करू देत नाहीत, आणि त्याचेच १९८२ चे निवृत्तिवेतन नियम एकाहून अधिक विधवा असल्यास कुटुंबनिवृत्तिवेतन समान वाटून देतात. त्या विधवा कायदेशीर विवाहाच्याच असाव्यात, असे न्यायालयांना पुढे स्पष्ट करावे लागले. एकाहून अधिक विधुरांची सोय मात्र या नियमांत कोठेही केलेली नाही.