घोडे दावणीला, वॉट मोकाट

मुंबईत स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला मी वेडा म्हणत नाही. वेडा माणूस निदान घेतलेली वस्तू वापरतो.

साडेचारशे घोड्यांची गाडी, शून्यावरून शंभरावर चार सेकंदांत, आणि रोजचा प्रवास अंधेरी ते लोअर परळ. त्या साडेचारशेतले जेमतेम वीस घोडे कामावर, बाकीचे भरपगारी रजेवर. सी लिंकवर जरा हात मोकळा करावा म्हटलं, तर मर्यादा ८०. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणावर ४०, आणि डोक्यावर कॅमेरे. दंडाची पावती मोबाइलवर येते ती मात्र चार सेकंदांत.

मग एवढ्या पैशांचं चीज व्हायचं कसं? पाय दाबता येत नसेल तर बोट दाबावं. गाडीतली एकच ताकद अशी आहे, जी वाकोल्याच्या सिग्नलला जागच्या जागी उभं राहूनही शंभर टक्के वापरता येते. ती म्हणजे आवाज. म्हणून शोरूममधून निघालेली गाडी हळदीकुंकवाचे डाग निघायच्या आत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला लागते. ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, बसवायला.

*

आता गंमत बघा. स्पोर्ट्स कार बनवणारे लोक वजनाच्या नावाने बोटं मोडत असतात. १९८७च्या फेरारी एफ-४० मध्ये रेडिओच नव्हता. गालिचाही नव्हता. पोर्शने काही वर्षांपूर्वी ९११ कॅरेरा टी काढली. काचा पातळ केल्या, दार आतून उघडायला हँडलऐवजी कापडी पट्टा दिला, आवाज अडवणारं अस्तर कमी केलं, मागच्या सीटा काढल्या. एवढा खटाटोप करून वाचवले किती? तशाच सजवलेल्या साध्या कॅरेरापेक्षा २० किलो. आणि किंमत साध्या कॅरेरापेक्षा जास्त. कमी देऊन जास्त घ्यायची ही कला आपल्या बिल्डरांनाही अजून इतकी साधलेली नाही.

तर ते २० किलो जर्मनीतल्या इंजिनिअरांनी ग्रॅम-ग्रॅम करून काढायचे, आणि आपल्या फिटरने एका दुपारी परत भरायचे. ॲम्प, वूफर, त्याची एमडीएफची पेटी, जाडजूड वायर, दारांच्या आत चिकटवायच्या काळ्या डॅम्पिंग शीट. आवाज अडवणारं अस्तर काढलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यायची, आणि तेच अस्तर पुन्हा पैसे देऊन बसवायचं.

जागेचं विचारूच नका. नव्या ९११च्या पुढच्या डिकीत साधारण १३० लिटर जागा. दहा इंची वूफरच्या बंद पेटीला त्यातली वीसेक लिटर लागते. म्हणजे गोव्याला जाताना कपडे न्यायचे की बास न्यायचा, हा निर्णय घरात बसून घ्यावा लागतो. बासच जातो. कपडे काय, म्हापशालाही मिळतात.

*

ॲम्पच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : ३००० वॉट. हे आपल्याला नवं नाही. ज्या पिढीने टू-इन-वनवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ हा फुगवलेला आकडा वाचला आणि तो डबा नुसत्या सेलवर चालवला, ती आता मर्यादित भोळी राहिलेली आहे. पण ती पिढी स्पोर्ट्स कार घेत नाही. तिचा मुलगा घेतो.

त्या मुलासाठी एक सोपी परीक्षा. खोकं बाजूला ठेवा, ॲम्प उलटा करा आणि त्याचे फ्यूज बघा. ३० अँपिअरचे दोन असले तर एकूण ६०. इंजिन चालू असताना गाडीत विजेचा दाब साधारण १४ व्होल्ट. गुणाकार करा : ८४० वॉट. त्याहून जास्त वीज सतत आत घेऊ लागला, तर फ्यूजच उडेल. क्लास-डी जातीचा चांगला ॲम्प त्यातले ८० टक्के वाजवतो, बाकीची उष्णता होते. हातात आले पावणेसातशे. मग ३००० कुठे गेले? जिथे निवडणुकीतली आश्वासनं जातात तिथे. छापताना होते.

खरी मोजणी करायची पद्धत अमेरिकेत २००३ सालीच ठरली. सीईए-२००६ असं तिचं तेव्हाचं नाव; २००६ हा नुसता क्रमांक, साल नव्हे. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, एक टक्क्याहून अधिक विकृती नको, आणि मग सलग किती वॉट मिळतात ते आरएमएसमध्ये सांगा. पण हे मानक ऐच्छिक आहे. खरं बोलणं ऐच्छिक ठेवलं की बाजारात काय होतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, असं वाटत असेल तर तेही विसरा. दुप्पट वॉटला मिळतात तीन डेसिबल. ‘थोडा वाढला वाटतं’ इतकाच फरक. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. पैशांचं मात्र असं नाही. बिल दुप्पट झालं की खिशाला दुप्पटच कळतं.

*

आता प्रत्यक्ष बसवणं. खरा थरार इथे आहे, आणि तोही गाडी उभी असताना.

बॅटरीपासून ॲम्पपर्यंत करंगळीएवढी जाड वायर ओढायची. बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली आणि ॲम्प डिकीत, म्हणजे वायर फायरवॉल या मधल्या पत्र्यातून केबिनमध्ये उतरणार. तिथल्या भोकाला रबरी बूच हवंच. ते नसलं, तर पत्र्याची धार वायरचं प्लास्टिक सोलते आणि बॅटरीची सगळी वीज थेट गाडीच्या अंगावर येते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लागतो. दुकानात दहापैकी नऊ गिऱ्हाइकांची समजूत असते की फ्यूज ॲम्प वाचवायला आहे. फ्यूज वायर पेटू नये म्हणून आहे. एक कोटीची गाडी आणि राख, यांच्यामध्ये ती दीडदोनशे रुपयांची काचेची डबी उभी असते. नेमकी तिच्यावरच मालक घासाघीस करतो.

वायरवरही करतो. तांब्याची महाग पडते म्हणून स्वस्तातली घेतो. तिच्यात आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. जाडी तीच, रंग तोच, वीज वाहायची ताकद तांब्याच्या पाऊणपटही नाही. गाडी जर्मन, ॲम्प अमेरिकन आणि वायर दाखवायला तांब्याची. प्रत्येक लग्नात एक तरी दागिना असा असतो.

मग येतं अर्थिंग. मालक इथे पहिल्यांदा हळवा होतो. गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून त्याने अख्ख्या बॉडीवर पारदर्शक फिल्म लावून घेतलेली असते. त्या फिल्मला पीपीएफ म्हणतात. आपल्याकडचा पीपीएफ पोस्टात, यांचा बोनेटवर. कोणी शर्टाची बटणं लावून गाडीला टेकलं, तरी यांच्या पोटात गोळा येतो. आणि आता फिटर डिकीतला गालिचा उचलतो, सँडपेपरचा तुकडा काढतो, आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग खराखरा घासायला लागतो.

“अरे, अरे! काय करतोस?”

“साहेब, अर्थिंगला पत्रा उघडा लागतो. रंगातून करंट जात नाही.”

“थोडंसंच घास.”

“थोडंसं घासलं तर थोडंसं वाजेल.”

मालक तोंड फिरवून चहा मागवतो. आणि फिटर बरोबर असतो. अर्थिंग कच्चं राहिलं की स्पीकरमधून अल्टरनेटरची बारीक कुई ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. दोन लाखांची सिस्टीम, तिच्यात चोवीस तास एकच गायिका.

शेवटी फिटर गेनच्या बटणाला हात घालतो. डॅशबोर्डवरच्या हेड युनिटमधून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ बसवायला गेन असतो, आवाज वाढवायला नसतो. तो जास्त केला की लहरींचे शेंडे कापले जातात आणि स्पीकरची कॉइल जळते. फिटरला हे माहीत असतं. पण त्याला गिऱ्हाईकही माहीत असतं.

“फुल ठेवू?”

“फुलच ठेव.”

*

हे सगळं ज्या गाडीत होतं, ती मुळात आवाजासाठीच घेतलेली असते, हे विसरू नका. ‘इंजिनची गाज ऐक’ म्हणून याच माणसाने दोन शेजाऱ्यांना पार्किंगमध्ये खाली बोलावलेलं असतं. आता तीच गाज वूफरखाली गाडायला तो निघाला आहे.

पण कंपन्या त्याच्याही वरताण. २०११च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधूनही ऐकवायची सोय होती. केबिन इतकी बंद आणि इंजिन इतकं सोज्वळ झालं, की चालवणाऱ्याला मजाच येईना. २०१५च्या फोर्ड मस्टँगच्या चार सिलिंडरवाल्या अवताराचंही तेच. चार सिलिंडरांनी जे बोलायचं, ते स्पीकरने जोरात बोलायचं. आपल्याकडे २०१६ला आली ती मस्टँग सुदैवाने ५ लिटरची व्ही-८, तिला प्रवक्ता लागला नाही. पोर्शने त्यातल्या त्यात लाज राखली : इंजिन हवा घेतं त्या जागेपासून केबिनपर्यंत एक नळी आणि मध्ये पडदा. आवाज वाढवलेला, पण निदान स्वतःचा.

अशा गाडीत बाहेरचा ॲम्प घुसला की घरात सवत आल्यासारखं होतं. काही गाड्यांच्या छतात बारीक माइक असतात. ते नको असलेली घरघर ऐकतात आणि तिच्या उलट लहर स्पीकरमधून सोडून ती मारतात. नवा वूफर वाजला की या यंत्रणेला वाटतं, काहीतरी बिघडलं. ती बासच्या विरुद्ध बास सोडते. दोन्ही भिडतात आणि केबिनमध्ये नुसतं घोंघावतं. मग फिटर माइकची पिन काढतो. बऱ्याच जर्मन गाड्यांत कंपनीचा ॲम्प प्रकाशतंतूंच्या वर्तुळात जोडलेला असतो. त्यातली एक कडी उपटली की अख्खं वर्तुळ मुकं. मग वर्तुळ पुरं ठेवून आवाज बाहेर काढणारी वेगळी डबी आणा. तिची किंमत ऐकून मालकही क्षणभर मुका होतो.

*

एवढं करून संगीत ऐकतं कोण? आत बसलेला. रस्त्याला काय मिळतं? उंच स्वर काचेला अडतात, खालचे काच आणि पत्र्यातून बाहेर येतात. म्हणजे आत किशोरकुमार असला, तरी फुटपाथवरच्या आजोबांच्या वाट्याला नुसतं धुम्म, धुम्म. जोडीला थरथरणारी नंबरप्लेट. तिच्या स्क्रूला वॉशर घालायचं कोणाच्याही डोक्यात येत नाही, कारण ती मागे असते आणि मालक पुढे.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती कागदावर अगदी शांत झोपलेली असते. बुलेटचा सायलेन्सर बदलणाऱ्या पोरांचे सायलेन्सर आपले पोलीस रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. फोटो छापून येतो. वूफरवर मात्र रोलर फिरत नाही, फक्त लोकांच्या माना फिरतात. दीड लाखाच्या बुलेटने आवाज केला तर उपद्रव, दीड कोटीच्या गाडीने केला तर छंद.

*

मला वाटलं होतं, विजेची गाडी आली की हा तमाशा आपोआप मिटेल. इंजिन नाही, धूर नाही, गाज नाही. सगळीकडे शांतता.

पण २०२२मध्ये अमेरिकेच्या डॉजने चार्जर डेटोनाचा विजेवरचा अवतार दाखवला. या गाडीला जाळायला पेट्रोल नाही, म्हणून सोडायला धूर नाही. तरी मागे ‘एक्झॉस्ट’ आहे. त्याच्यात काय आहे? ॲम्प आणि स्पीकर. कंपनीने दावा केला १२६ डेसिबलचा, आपल्याच जुन्या व्ही-८ राक्षसाइतका. घोडे पळाले, तबेला मोडला, आणि खिंकाळण्याची सोय मात्र कायम ठेवली.

तेव्हा कुर्ल्याच्या फिटरला हसू नका. तो काळाच्या पुढे होता. गाडी म्हणजे चार चाकांवरचा ॲम्प, हे त्याला डॉजच्या आधी कळलं होतं.

आरटीओनेही आता वेळ घालवू नये. विजेच्या गाडीच्या आरसीवर सीसीच्या रकान्याला तसंही काही काम नसतं. त्यात वॉट छापावेत. फक्त आरएमएस हं. पीएमपीओ लिहून आणणाऱ्याला परत पाठवावं.