देवयानी लेक की सवत?

ग्रीक देव पुण्यात आले ते सायकलवरून. हे शहर सायकलींचं होतं तेव्हा दुकानादुकानांत हर्क्युलस आणि ॲटलस शेजारीशेजारी उभे असायचे, आणि गिऱ्हाईक दोघांच्या घंट्या वाजवून बघायचं. गोष्टीतही या दोघांची गाठ पडते. ॲटलसच्या खांद्यावर आभाळाचं ओझं. हर्क्युलसला हवी असतात सोन्याची सफरचंदं. तो म्हणतो, तू ती घेऊन ये, तोवर मी आभाळ धरतो. ॲटलस सफरचंदं आणतो खरा, पण मोकळ्या खांद्यांची मजा कळल्यावर ओझं परत घ्यायला राजी होईना. तेव्हा हर्क्युलस म्हणतो, ठीक आहे, मीच धरतो, फक्त डोक्यावर चुंबळ ठेवेपर्यंत जरा हात लाव. ॲटलस हात लावतो आणि कायमचा अडकतो. पुण्यात मात्र दोघांनाही कॅरिअरवर दळणाचा डबा आणि नळीवर एक पोर एवढंच वाहावं लागलं.

सांगायचं म्हणजे, सहावी-सातवीच्या मुलांना ग्रीक पुराणकथा शिकवायच्या तर ओळख करून देण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. विजयाची देवी नाइकी अर्ध्या वर्गाच्या पायात असते. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी २००५ पासून सुरू झालेल्या पर्सी जॅक्सनच्या पुस्तकांचा फडशा पाडलेला असतो आणि ती आपल्याला आत्मविश्वासानं दुरुस्त करतात. आमच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही, म्हणून तो ऑफ तासाला शिकवायचा. मार्क नाहीत हे एकदा कळलं की मुलं फार मन लावून शिकतात.

पहिला उपक्रम वंशावळीचा. ड्रॉइंग शीटवर नावं लिहायची, रेघा ओढायच्या आणि प्रत्येक रेघेवर नातं लिहायचं. सोपं वाटतं. क्रोनसला भाकीत सांगितलेलं असतं की तुझंच पोर तुला गादीवरून खाली ओढेल, म्हणून तो एकेक मूल जन्मलं की गिळतो. इथपर्यंत आल्यावर मागच्या बाकावरून "कंस!" अशी आरोळी येते. मग "कंसानं भाचे मारले, हा तर बाप आहे" अशी दुरुस्ती. मग "गिळली म्हणजे जिवंत आहेत का पोटात?" ही रास्त शंका. (असतात. झ्यूस पुढे बापाला ओकारीचं औषध देववतो आणि सगळी भावंडं सुखरूप बाहेर येतात.) एकूण क्रोनस निभावतो. गाडी अडते ती हेडीसपाशी.

पाताळाचा राजा हेडीस पर्सेफनीला पळवून नेतो. पर्सेफनी ही झ्यूस आणि डिमीटर यांची मुलगी. झ्यूस हा हेडीसचा भाऊ, आणि डिमीटर त्याची बहीण. म्हणजे हेडीस तिचा सख्खा काका झाला आणि सख्खा मामाही झाला. शिवाय नवरा. रेघेवर काय लिहायचं? ज्या भाषेत मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ यांना वेगवेगळी घरं आहेत, त्या भाषेतली मुलं अशा ठिकाणी हवालदिल होतात. वर्गातल्या एका सोलापूरकडच्या मुलीनं "मामाशी चालतं आमच्याकडं" असं शांतपणे सांगून हेडीसची निम्मी बाजू सावरली. उरलेली निम्मी अजून सावरायची आहे.

यात शिक्षकाची खरी कसरत झ्यूसशी. त्याची प्रकरणं इतकी, की ती गाळली तर अर्धं पुराण गळतं आणि सांगितली तर मुख्याध्यापकांना चहाला बोलवावं लागतं. कधी बैल होऊन, कधी हंस होऊन, कधी सोन्याचा पाऊस होऊन तो कुणाच्या ना कुणाच्या घरात शिरतो. आम्ही "झ्यूसची पुष्कळ लग्नं झाली" या वाक्यावर बरीच वर्षं निभावलं आहे. मुलंही समजूतदार असतात, एका मर्यादेपलीकडे विचारत नाहीत. ईडिपसला मात्र मी सातवीत हात लावत नाही. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीसचं ते नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलंय, ते मोठेपणी आपलं आपण वाचावं.

पण हा झ्यूस एका बाबतीत फार सोयीचा. त्याला वर्गात उभं करून "तुम्ही असं का वागलात?" असं विचारता येतं. त्याच्यावर व्यंगचित्र काढता येतं, त्याच्या नावानं 'हरवला आहे'ची जाहिरात लिहिता येते, हेरानं त्याला लिहिलेलं कडक पत्र मोठ्यानं वाचता येतं. तो कुणाच्या देवघरात नाही, त्यामुळे कुणाच्या भावनांना ओरखडा येत नाही. आपल्या पुराणांशी असं वागायचं म्हटलं तर आवाज आपोआप खाली येतो, आणि पुण्यात तर भिंतीपलीकडे कोण बसलंय हे बघूनच बोलावं. तशी आपली जुनी मंडळी याबाबतीत मोकळी होती. इंद्राच्या भानगडी आजीनं सांगितल्या नाहीत असं घर विरळा. हल्ली मात्र इंद्राबद्दलचा प्रश्न विचारायला मुलं झ्यूसच्या आडोशानं येतात. हाही वज्रवाला, तोही वज्रवाला. हा अहल्येकडे गौतमाचं रूप घेऊन गेला, तो अल्कमीनीकडे तिच्या नवऱ्याचं. "बाई, हे दोघं एकच आहेत का?" असं विचारताना त्या मुलाचा चेहरा चोर पकडल्यासारखा झालेला असतो. मी "तुला काय वाटतं?" म्हणून सुटका करून घेते. शिक्षकी पेशातलं हे सर्वांत जुनं चिलखत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती आकाशात आहे.

पुण्याला आकाशाची हौस जुनी. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना तारे दाखवते आहे आणि टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण झालं. तेव्हा ग्रीक कथा शिकवायच्या तर तारका-नकाशा हाताशी घ्यावा, असं मला वाटलं. उत्तरेकडे एका घराण्यातली चार माणसं एकमेकांना खेटून बसली आहेत. सीफियस राजा, त्याची राणी कॅसिओपिया, त्यांची लेक अँड्रोमेडा आणि जावई पर्सियस. राणी बढाई मारते की समुद्रकन्यांपेक्षा आम्ही देखण्या. समुद्रदेव पोसायडन चिडतो, पूर आणि राक्षसी जलचर पाठवतो. आईच्या तोंडाळपणापायी बिचाऱ्या अँड्रोमेडाला खडकाला साखळदंडानं बांधतात. मेडुसाचं मुंडकं कापून परत निघालेला पर्सियस ते बघतो, जलचराला मारतो आणि लग्न करतो.

हीच चार माणसं मराठी नकाशात बघा. सीफियसच्या जागी वृषपर्वा. कॅसिओपियाच्या जागी शर्मिष्ठा. अँड्रोमेडाच्या जागी देवयानी. पर्सियसच्या जागी ययाती. जलचराचा झाला तिमिंगल. आपल्या खगोलाच्या पुस्तकांनी ग्रीकांचं आख्खं बिऱ्हाड उचलून तिथे महाभारताच्या आदिपर्वातलं बिऱ्हाड बसवलंय, तेही खोल्यांची वाटणी न बदलता!

मुलांना मी एवढंच सांगितलं की नकाशावर टाचण्या लावा, ग्रीक नाती तांबड्या लोकरीनं जोडा, मराठी निळ्या लोकरीनं. पाच मिनिटांत गोंधळ माजला. ग्रीकात सीफियस हा कॅसिओपियाचा नवरा, आपल्याकडे वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा बाप. ग्रीकात अँड्रोमेडा तिची लेक, आपल्याकडे देवयानी तिची मैत्रीण आणि पुढे सवत. ग्रीकात पर्सियस तिचा जावई, आपल्याकडे ययाती लपूनछपून झालेला नवरा. एका बाईच्या वाट्याला आलेला हा फेरबदल बघा: नवऱ्याचा बाप झाला, लेकीची सवत झाली आणि जावयाचा नवरा. तांबडी-निळी लोकर एकमेकींत अशी गुंतली की कात्री आणावी लागली.

सुरुवातीला मला हे नामकरण नुसतं हौसेचं वाटत होतं. मग एका मुलीनं विहीर दाखवून दिली. शर्मिष्ठा आणि देवयानी जलक्रीडेला गेलेल्या असतात, काठावरचे कपडे वाऱ्यानं एकत्र होतात, शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र नेसते आणि भांडण पेटतं. तुझा बाप माझ्या बापाचा भाट, असं म्हणून राजकन्या गुरुकन्येला विहिरीत ढकलते. तिथून जाणारा ययाती हात देऊन तिला वर काढतो आणि पुढे लग्न होतं. म्हणजे दोन्हीकडे गर्विष्ठ कोण? कॅसिओपिया-शर्मिष्ठा. तिच्यापायी संकटात कोण? अँड्रोमेडा-देवयानी. वाटेनं जाता जाता सोडवणारा कोण? पर्सियस-ययाती. खडकाची विहीर झाली, एवढंच. ज्यांनी ही नावं बसवली त्यांना दोन्ही गोष्टी तोंडपाठ असणार, आणि नात्यांच्या गुंत्याची फिकीर त्यांनी केली नाही. तारे लग्नाच्या पंगतीत बसायचे नसतात हे त्यांना ठाऊक होतं.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला गच्चीवर गेलो तर देवयानी जवळजवळ डोक्यावर, शर्मिष्ठा उत्तरेला इंग्रजी 'एम' अक्षरासारखी, ययाती ईशान्येला. ययातीच्या हातातला अलगोल हा तारा म्हणजे मेडुसाचं मुंडकं. तो दर दोन दिवस एकवीस तासांच्या आसपास मंदावतो आणि काही तासांनी पूर्ववत होतो, कारण तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याला झाकतो. मेडुसाशी नजरानजर झाली की माणसाचा दगड होतो, म्हणून तीन मुलांनी तो तारा बोटांच्या फटीतून पाहिला. आपल्या नकाशात मात्र हे मुंडकं ययातीच्या हातात काय करतंय याचा खुलासा होत नाही.

यानंतरचा उपक्रम खटल्याचा. सरकार विरुद्ध कॅसिओपिया. काळे कोट मिळाले नाहीत, काळ्या ओढण्यांवर भागलं. बचावाच्या वकिलीणबाई सातवीतल्या, पण तयारीच्या. काही कथांत राणी स्वतःच्या रूपाची बढाई मारते, काहींत लेकीच्या. त्यांनी अर्थातच दुसरी आवृत्ती निवडली आणि युक्तिवाद केला की माझ्या अशिलानं फक्त मुलीचं कौतुक केलं. हा गुन्हा असेल तर परवाच्या पालकसभेतल्या सगळ्याच आयांना अटक करा. त्या सभेत एका पालकांनी "ग्रीकांचं आणि आपलं काय देणंघेणं?" असं विचारलं होतं हे इथे सांगायला हवं. तेव्हा मी कार्ल्याचं नाव काढलं. एकवीरेला जाताना आपण ज्या लेण्यापाशी थांबतो, तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (म्हणजे मुळात ग्रीकांची) नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या दुसऱ्यानं भोजनमंडप दिल्याचा. पुणे जिल्ह्यात कुणी पाण्याची टाकी दिली म्हटल्यावर पालकांचा विरोध मावळला.

फिर्यादी पक्षानं शिक्षेवर भर दिला. पोसायडननं कॅसिओपियाला सिंहासनासकट आकाशात टाकलं आणि अशा जागी टाकलं की ध्रुवाभोवती फिरताना निम्मा वेळ ती डोकं खाली, पाय वर अशी लटकावी. सगळ्या जगानं तिची फजिती बघावी. यावर वकिलीणबाईंनी पृथ्वीचा गोल मागवला. अथेन्स ३८ अंश उत्तरेला, पुणे साडेअठरा अंशांवर. ध्रुव आपल्याकडे इतका खाली, की शर्मिष्ठा उलटी व्हायच्या वेळेला क्षितिजाखाली गेलेली असते. म्हणजे अथेन्समधून ती लटकताना दिसते, पुण्यातून दिसत नाही. सबब या न्यायालयाच्या हद्दीत माझ्या अशिलाची बेअब्रू झालेलीच नाही! मी भूगोल शिकवत नाही. शिकवणाऱ्या सरांना मागच्या दारातून हळूच आणून हे पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी फळ्यावर वजाबाकी करून पाहिली आणि काही न बोलता टाळी वाजवली.

न्यायाधीशमहाराज आठवीतले, धिमे. त्यांचं म्हणणं पडलं की मूळ तक्रारदार पोसायडन हजर झाल्याशिवाय निकाल देता येणार नाही. समन्स कुठे बजावणार? ऑलिंपस पर्वतावर? समुद्रात?

कोल्हापुरात. हे मलाच सांगावं लागलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४०च्या दशकात प्राचीन वस्तू सापडल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहनकाळी समुद्रापलीकडून आलेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडनची एक छोटी, हातात मावेल एवढी मूर्ती आहे. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात असते. समुद्राचा देव, आणि पत्ता घाटमाथ्यावरचा. ज्या ययातीला आपण पर्सियसच्या जागी बसवलं, त्याच्यावरची १९५९ची कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकरही कोल्हापूरकरच, सासरच्या भांडणातले दोन्ही पक्ष एका गावात निघाले म्हणायचे.

तक्रारदार काचेच्या कपाटात, त्याला पुण्याला आणणं शक्य नाही. मग न्यायालयानंच तिकडे जावं असं ठरलं. सहलीच्या अर्जात 'उद्देश' या रकान्यात मुलांनी 'फिर्यादीची उलटतपासणी' लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'शैक्षणिक' केलं आणि सही दिली. पालकांना परवानगीपत्रं गेली, त्यावर पोसायडनबद्दल कुणाचीच हरकत आली नाही. एकच शंका सगळ्यांनी लिहून पाठवली, की तांबडा-पांढरा रस्सा खर्चात धरलाय की वेगळे पैसे द्यायचे.