हवेवरचा हत्ती

आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन सात वर्षांत माझ्यासाठी एकदाही उठला नव्हता. मी छोट्या गाडीतून यायचो, तेव्हा तो खुर्चीत बसूनच फाटक उघडायचा, तेही पायाने. ज्या दिवशी मी ‘ही’ गाडी आणली, त्या दिवशी तो उठला, टोपी सारखी केली आणि कडक सलाम ठोकला. त्या सलामाचे आजवर किती रुपये झाले, याचा हिशेब सौभाग्यवतींच्या वहीत आहे.

गाडीचं नाव सांगत नाही. आमच्या आजीने आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही; मलाही या गाडीबद्दल तेवढाच आदर आणि तेवढाच धाक वाटतो. जर्मन आहे, डिझेलवर चालते, वजन सव्वादोन टन, आणि नवी होती तेव्हा साठ लाखांची होती, एवढं पुरे. मला ती अकरा लाखांत मिळाली. ही दिल्लीची कृपा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तेव्हापासून तिकडच्या नवव्या वर्षात पोचलेल्या गाड्या वय उलटायच्या आत ना-हरकत पत्र घेऊन मिळेल त्या घरी निघाल्या. “एकच मालक, डॉक्टर. फक्त रविवारी काढायचे,” एजंट म्हणाला. सोमवार ते शनिवार ती गाडी कुठे असायची, हे विचारायचं मला सुचलं नाही. आता कळतंय. गॅरेजात.

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हे आपण ऐकून असतो. इथे कोंबडी उतरत उतरत अकरा लाखांवर येते, पण मसाला मात्र साठ लाखांच्याच घरात वाढलेला असतो. त्याला घरची गरिबी ठाऊक नसते.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गाडी पुढच्या डाव्या पायावर बसलेली दिसली. बाकीचे तीन पाय उभे. उंटाने बसायला घ्यावं आणि मध्येच विचार बदलावा, तशी. या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर रबराचे चार फुगे, त्यांत कॉम्प्रेसर हवा भरणार आणि सव्वादोन टनांचा डोलारा त्या हवेवर झुलणार. दारात हत्ती झुलतो म्हणतात, तो असा. पण वयोमानाने रबराच्या घड्यांना चिरा पडतात आणि रात्रभरात हत्तीची हवा जाते.

“फुगा गेलाय, साहेब,” वारज्याच्या गॅरेजातले उस्ताद म्हणाले.

“पंक्चर काढून मिळेल?”

उस्तादांनी पान थुंकायला मिळालेला वेळ विचारात घालवला. “आजच बदलून टाका. नाहीतर ती हवा भरता भरता कॉम्प्रेसर जळेल.”

कंपनीचा एक फुगा, शॉकसकट, एक लाख चाळीस हजार. बाहेरचा पंचावन्न हजार. “विचार करून सांगतो,” मी म्हणालो. बावीस दिवस विचार केला. तेविसाव्या दिवशी कॉम्प्रेसर जळला. सत्याहत्तर हजार. माझ्या विचारांना दिवसाला साडेतीन हजारांचा भाव त्याआधी कुणी दिला नव्हता.

“चारी फुगे काढून लोखंडी स्प्रिंगा टाकू. स्वस्तात होईल,” उस्तादांनी एक तोडही सुचवली. “फक्त डॅशबोर्डवर एक दिवा कायम पेटलेला राहील.” मी नको म्हणालो. तिथे आधीच तीन दिवे कायम पेटलेले होते. चौथा लागला असता तर दिवाळी साजरी करावी लागली असती.

मग जुलै आला. गाडीच्या छताला भली मोठी काचेची खिडकी आहे. तिच्या कडेने पाणी झिरपणार, हे जर्मनांना मान्य आहे. म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या गाडीच्या खांबांमधून खाली सोडल्या आहेत. आमचं पार्किंग कडुलिंबाखाली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पानांनी नळ्या तुंबल्या, पाणी गालिच्याखाली साठलं, आणि गालिच्याखालीच वायरी आणि कंट्रोल युनिट. गाडीच्या अंगात आलं. ऊन पडलं की वायपर फिरायचे. सिग्नलला उभं असताना डिकी आपोआप उघडायची आणि मागचा रिक्षावाला आत कांद्याची गोणी आहे हे बघून निराश व्हायचा. उस्तादांनी सायकलच्या ब्रेकच्या वायरीने नळ्या मोकळ्या केल्या. त्याचे दोनशे रुपये. भिजलेल्या युनिटचे अडतीस हजार. पहिल्या पावसाआधी ते दोनशे खर्चले असते, तर ते अडतीस वाचले असते. पण एवढं शहाणपण असतं तर अकरा लाखच वाचले नसते का?

बॅटरीचंही तसंच. छोट्या गाडीची बॅटरी कोपऱ्यावरचा माणूस दहा मिनिटांत बदलून जायचा. हिची बसवल्यावर कॉम्प्युटरला तसं कळवावं लागतं, नाहीतर जुनीचं वय धरून तो नवीला चार्ज करत राहतो. नव्या सुनेचं नाव शिधापत्रिकेत चढवावं तसा हा प्रकार. फक्त कचेरी जर्मन.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल पुस्तकात लिहिलं होतं, ‘आयुष्यभर पुरेल’. उस्ताद म्हणाले, “कुणाच्या आयुष्यभर, ते लिहिलंय का?” झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. माझ्या गाडीचे सव्वा लाख झाले होते. म्हणजे ती एक आयुष्य संपवून दुसऱ्यात, माझ्या घरी, जन्माला आली होती.

विमा आहे ना, असं मेहुणा म्हणाला. पण विमा अपघाताचा असतो, म्हातारपणाचा नसतो. झीज त्यात धरत नाहीत. अपघात झालाच, तरी साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. उस्तादांच्या मते या गाडीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांखेरीज उरतो तो मालक. त्याच्यावर घसारा किती, ते सौभाग्यवतींनी वहीत वेगळं मांडलं आहे.

“विकून टाका हो,” सौभाग्यवती म्हणतात. विकणारच होतो. पण महिन्यातले चार दिवस ती अशी चालते! पसरणी घाटात पावसाचं धुकं उतरलेलं असतं, बटण दाबलं की गाडी चार बोटं वर उठते, खड्डे खालून निघून जातात आणि मागे बसलेल्या आईचा डोळा लागतो. छोट्या गाडीत ती पाचगणीपर्यंत जप करायची. उतरताना ती म्हणाली, “गाडी गुणाची आहे हो.” त्या वाक्यावर मी दुसरा फुगा बसवला.

तिसरा परवा गेला. गाडी फाटकापाशीच बसली. चारही चाकांना जोर असलेल्या अशा गाडीला दोर बांधून ओढत नेत नाहीत. सपाट पाठीचा ट्रक बोलावून तिला उचलून ठेवावं लागतं. ती मखरातल्या गणपतीसारखी ट्रकवर विराजमान झाली. ट्रक निघाला तसा वॉचमन उठला, टोपी सारखी केली आणि त्याने रिकाम्या गाडीला कडक सलाम ठोकला.

मी स्कूटरवरून मागोमाग वारज्याला गेलो, अंदाज घेतला आणि तासाभराने परतलो. फाटक बंद होतं. खुर्चीतून न उठता त्याने वही पुढे सरकवली.

“कुणाकडे जायचंय?”