मोटार निघाली कामरूपाला

नामपूरच्या बाजार समितीच्या आवारातून कांद्याचा ट्रक गुवाहाटीस निघावयाचा म्हणजे काय सायास पडतात, हे मोसम नदीच्या काठी जन्म काढलेल्या माणसास निराळे सांगावयास नको. हमालांनी गोण्यांची थप्पी लावावी, वर ताडपत्री ओढून दोर आवळावेत, व्यापाऱ्याने बिल्टी फाडून ड्रायव्हरच्या हाती ठेवावी आणि ड्रायव्हरने चहाचा अखेरचा घोट घेऊन किल्ली फिरवावी, एवढ्या भांडवलावर तो कांदा पाच-सहा राज्यांच्या हद्दी ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या तीरी सुखरूप पोहोचतो. तो कोणत्या शिवारात जन्मला, परमुलखात किती महिने मुक्काम करणार, त्याच्यावर कोणा बँकेचा बोजा आहे काय, असले प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात तर नाशिक जिल्ह्यातला १,६०० टन कांदा स्वतंत्र आगगाडी करून दिल्लीस गेला आणि त्या गाडीस ‘कांदा एक्स्प्रेस’ असे भारदस्त नावही मिळाले. कांद्याच्या या निर्वेध संचाराकडे पाहूनच माझी अशी समजूत झाली होती, की हिंदुस्थानात एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात एखादी वस्तू पाठविणे ही अगदी सामान्य गोष्ट असावी. आणि माझ्या दारातील पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली मोटार कन्येकडे गुवाहाटीस रवाना करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मी त्यास मान हलवून संमती दिली.

कन्या बँकेत नोकरीस. तिची बदली गुवाहाटीस झालेली. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मोटारीचे चक्र माझ्या हाती असणे हे समस्त बागलाण तालुक्यास धोक्याचे आहे, असा ठराव घरात एकमताने संमत झाला होता. तेव्हा मोटार तिकडे जावी यात वाद नव्हता. वाद होता तो कशी जावी, यात. नामपूरहून गुवाहाटी सुमारे अडीच हजार किलोमीटर. ड्रायव्हर घेऊन आपणच जावे, अशी माझी मनीषा होती, आणि तिच्या समर्थनार्थ मी इतिहासाचा आधारही दिला. १६७१ साली सरायघाटच्या लढाईत लाचित बोरफुकन याने आणि लगोलग १६७२ साली आमच्या याच तालुक्यात साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी औरंगजेबाच्या फौजा मोडून काढल्या. तेव्हा बागलाण आणि कामरूप यांचे नाते साडेतीनशे वर्षांचे असून ते दृढ करण्यास एखाद्या सेवानिवृत्त इतिहासशिक्षकाने स्वतः जाणे उचितच होय. शिवाय १९६२ साली सरायघाटचा पूल खुला होण्यापूर्वी अमीनगाव ते पांडू हा पल्ला लोकांना नावेतून काटावा लागे. आता तर पूल आहे. हा युक्तिवाद घरच्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मोटार ट्रेलरवर चढवून पाठवावी असे ठरविले. सौभाग्यवतींना तेही रुचले नाही. “चांगली चार चाकं आहेत तिला,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या पाठीवर बसून जायला ती काय लंगडी झालीय?”

आगगाडीचाही विचार करून पाहिला. नव्या मोटारी कारखान्यातून रेल्वेने जातात, आणि त्या ज्या डब्यांतून जातात त्यांतले पुष्कळसे मूळचे प्रवासी डबे असून वय झाल्यावर त्यांच्या खिडक्या बुजवून, टोकाशी दारे पाडून त्यांना पुन्हा कामास जुंपलेले असते, हे वाचून मला त्या डब्यांविषयी फार आपुलकी वाटली. परंतु ती व्यवस्था शेकड्यांनी मोटारी पाठविणाऱ्यांची, माझ्या एकुलत्या एका मोटारीची नव्हे. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते, आणि २०२५ च्या गणेशोत्सवात तिने कोलाड ते वेर्णा अशी घरगुती मोटारींचीही सोय केली. मोटारीमागे भाडे ७,८७५ रुपये, एका खेपेस चाळीस मोटारी, आणि मालकाने आपल्या मोटारीत न बसता पाठीमागच्या डब्यात तिकीट काढून बसावयाचे. उत्तम योजना, मात्र कन्येची बदली गोव्यास झालेली नव्हती.

राहता राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे म्हणणे असे, की एका राज्यात नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर तिने तेथला नंबर घेतला पाहिजे. आणि त्यासाठी मूळ गावच्या दप्तरातून ‘आमची काही हरकत नाही’ असा दाखला आणला पाहिजे. अर्जाचा नमुना अठ्ठावीस क्रमांकाचा. मालकी माझ्या नावावरून कन्येच्या नावावर जावयाची म्हणून नमुना एकोणतीस आणि नमुना तीस हे आणखी दोन सोबती. शिवाय मोटार चोरीची नसल्याची खातरजमा. ज्या मोटारीने माझ्या छपराखाली उभे राहून गावातल्या तीन लग्नांच्या वराती, एक ग्रामपंचायतीची निवडणूक आणि असंख्य कोंबड्यांचे विश्रामस्थान अशी प्रकट सेवा केली, ती चोरीची नाही हे सांगावयास आख्खे नामपूर तयार होते. पण कायद्यास नामपूरची साक्ष चालत नाही. ज्यांच्या नोकरीत सदा बदल्या होतात अशांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ या अक्षरांची अखिल भारतीय पाटी निघाली आहे. तथापि ज्याची सबंध हयात एका शाळेच्या एकाच फळ्यासमोर गेली, त्यास ती कोण देणार? या कायद्यात एक कलम मात्र मला अतिशय सुसंस्कृत वाटले. अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत दप्तराने होय-नाही काहीच कळविले नाही, तर दाखला दिला असेच समजावे, असे त्यात म्हटले आहे. मौनास संमती मानण्याची ही रीत वधूपक्षापुरतीच आहे असा माझा आजवर ग्रह होता.

आमच्या दाखल्यास विलंब झाला तो दप्तरामुळे नव्हे. मोटारीचे कर्ज कधीच फिटले होते. पण ते फिटल्याचे जे पत्र दाखल्यासाठी लागे, ते शोधावयास बँकेस वेळ लागत होता. मध्यंतरी गॅरेजवाले मिस्त्री अर्जासाठी चॅसिस नंबरचा छाप घेण्यास आले. बॉनेट उघडून, बॅटरीच्या मागल्या अंगास साचलेली धूळ त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तिथल्या पत्र्यावर कागदाची चिंधी दाबून धरली आणि तीवर शिसपेन्सिल आडवी घासावयास प्रारंभ केला; आणि शाळेत पोरे कागदाखाली नाणे ठेवून करतात तसे, करड्या धुरातून एकेक अक्षर पांढरे होऊन वर येऊ लागले. सतरा अक्षरे-आकडे. इतकी वर्षे जिला आम्ही केवळ ‘आपली गाडी’ म्हणत आलो, तिचे एवढे लांबलचक अधिकृत नाव आहे हे पाहून सौभाग्यवतींनी तिच्याकडे थोड्या आदराने पाहिले.

वाहतूक कंपनीने ‘दारापासून दारापर्यंत’ नेण्याचा करार केला होता. तिचा प्रतिनिधी आला तो एक तरुण, हातात मोबाइल. मोटारीच्या अंगावर आधीपासून असलेल्या इजांचा पंचनामा केल्यावाचून ताबा घेता येत नाही, असे त्याने सांगितले आणि तो प्रदक्षिणा घालून फोटो काढू लागला. हे काम वास्तविक थोडक्यात उरकावयाचे. पण प्रत्येक ओरखड्याचा इतिहास सांगण्याची जबाबदारी सौभाग्यवतींनी स्वतःकडे घेतली. डाव्या दारावरची खोक पोळ्याच्या दिवशी सजविलेल्या बैलाच्या शिंगाने पडलेली; मागच्या बंपरवरची सटाण्याच्या यात्रेतली; आणि उजव्या बाजूस पुढून मागपर्यंत गेलेली ती लांब रेघ, “ती यांची.” प्रतिनिधीने निमूटपणे तिचे दोन फोटो घेतले. मग डिकी उघडली, आणि आतून कुरडयांचा डबा, बाजरीचे पीठ, गोडा मसाला, डाळिंबांची पेटी आणि नातवाची पितळी लोटी असा ऐवज निघाला. मोटार रिकामी हवी, असा कंपनीचा नियम. विमा मोटारीचा आहे, कुरडयांचा नाही, असे त्याने समजाविले. त्यावर “कुरडयांना विमा लागतच नाही, त्या मोडल्या तरी तळता येतात,” हा बिनतोड मुद्दा सौभाग्यवतींनी मांडला. नियम हा नियमच राहिला. ऐवज घरात परतला.

ट्रेलर अर्थातच नामपुरात येऊ शकला नाही. बाजार समितीपुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली असता तेथून सायकल निघणे मुश्कील, तेथे दुमजली ट्रेलर कोठून वळणार? तेव्हा करारातले आमचे दार मालेगावानजीक आग्रा रोडवरच्या एका पंपापाशी आहे असे आम्हांस कळविण्यात आले आणि आम्ही आमची मोटार त्या आमच्या दाराशी घेऊन गेलो. दोन अरुंद लोखंडी फळ्यांवरून ड्रायव्हरने ती इतक्या सहजतेने वरच्या मजल्यावर चढविली, की मी आजवर तिच्यासाठी अंगणात जे दहा-दहा वेळा पुढे-मागे केले त्याचे मला वैषम्य वाटले. चाकांना पट्टे आवळले, मागले दार लागले आणि आसामास जावयाची माझी मोटार मुंबईच्या दिशेने निघून गेली.

प्रथम मला भास वाटला. पण फोन करता समजले, की ट्रेलर पुरता भरल्याखेरीज उत्तरेस निघत नाही आणि भरणा भिवंडीस होतो. भिवंडीत ती पुष्कळ राहिली. पुढे एका रात्री ती नाशिक, चांदवड करीत त्याच पंपावरून, आम्ही येथे निजलेलो असता, धुळ्याकडे गेली असली पाहिजे.

इकडे बँकेचे पत्र मिळाले, पाठोपाठ ना-हरकत दाखला हाती आला, आणि आता तो अस्सल दस्तऐवज पाठवावा कसा या विवंचनेत मी ओट्यावर बसलो असता शेजारचे कांदा-व्यापारी म्हणाले, “त्यामा काय इतलं, गुरुजी! मन्ही गाडी गोहाटीलेच जाई ऱ्हायनी.” दाखला, मोटारीची दुसरी किल्ली, कुरडयांचा डबा, पीठ, मसाला, डाळिंबे, लोटी, हे सगळे ड्रायव्हरच्या आसनामागे रचले गेले, आणि शेठजींनी वर आपल्यातर्फे कांद्याची एक गोणी लेकीस म्हणून टाकली. बिल्टीवर यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता.

त्यानंतर एके सकाळी कन्येचा फोन आला. ट्रकवाल्याने सगळे सामान घरपोच, थेट तिसऱ्या मजल्यावर, आणून दिले होते. “बाबा, किल्ली मिळाली, कागद मिळाले, कांदे तर शेजारीपाजारी वाटून झाले,” ती म्हणाली, “आता गाडी तेवढी पाठवा.”