आणखी एक बसते ना, भाऊ!

गाडी बनवणारे इंजिनिअर हिशोबात कच्चे असतात. किन्हीराजाच्या फाट्यावर त्यांनी सात माणसांची म्हणून धाडलेली जीप उभी करा; मालेगावात पोचेस्तोवर त्यांचं गणित सुधारलेलं असतं. मागची मूळ सीट उपटायची, दोन्ही अंगांना समोरासमोर बाकडी ठोकायची, वर रेक्झिन. मधल्या बोळात गुडघ्याला गुडघा, मांडीवर पोतं, पोत्यावर पोरगं. तरी ड्रायव्हर बाहेर डोकावून म्हणणार, "सरका बरं थोडं, एक बाई हाये." स्वतः तो अर्धा दाराबाहेर; गिअर टाकायचा तर शेजारच्याला पाय उचलावा लागतो. सीटबेल्टचं विचारू नका. बाकड्याला चार नट मिळाले तेच पुष्कळ.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, नोंदणीत लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकानं गाडीत करायचा नाही. केलाच, तर कलम १८२-अ: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, नाहीतर दोन्ही. प्रवासी वाहनात जादा माणसं भरली तर २०१९च्या दुरुस्तीनं डोक्यामागे दोनशे. म्हणजे दंडसुद्धा शेअरिंगमध्येच!

हा दंड लावणाऱ्या कलम १९४-अ मधली खरी गंमत पुढे आहे. जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी पर्यायी वाहनाची सोय होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. आता फाट्यावर पर्यायी वाहन म्हणजे काय? मागून येणारी दुसरी काळी-पिवळी जीप. तीही भरलेली, पण एक बसतेच.