मीटरगेज, ब्रॉडगेज, समितीगेज

अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेनं (नाव विचारू नका, मानधन यायचं आहे) मला तज्ज्ञ म्हणून बैठकीला बोलावलं. संस्थेचा एक कॅम्पस अमरावतीला, दुसरा अकोल्याला. प्रश्न इतकाच होता की कॅम्पसच्या आत कोणतं नेटवर्क ठेवायचं आणि दोन गावांमधल्या शंभरेक किलोमीटरवर कोणती लिंक घ्यायची. फाइल दोघांनी मिळून टेबलावर ठेवली. लाल फडक्याची गाठ नखांनी सुटेना, म्हणून लेखापालांनी दात लावले. आत पहिलं पान होतं १९९८ चं: ‘नवीन तंत्रज्ञान घ्यावे किंवा कसे, याबाबत.’

त्या सालचं नवीन तंत्रज्ञान म्हणजे एटीएम. त्यावर पहिल्याच बैठकीत कुणीतरी ‘मंग पगार तिथूनच निघन का?’ असं विचारल्याची नोंद इतिवृत्तात आहे. निघणार नव्हता. हे एटीएम म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड. आवाज, चित्र, आकडे सगळं एकाच नळातून, कॅम्पसपासून थेट दुसऱ्या गावापर्यंत, मध्ये कुठंही सांधा नाही, असं त्याचं वचन. वेग १५५ मेगाबिट. त्या काळी १० मेगाबिटवर समाधान मानणाऱ्या माणसाला हे म्हणजे पॅसेंजरच्या डब्यात बसून राजधानीचं वेळापत्रक वाचण्यासारखं.

एटीएम माहितीचे सारखे तुकडे पाडतं. एक तुकडा ५३ बाइटचा, ना कमी ना जास्त. हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आला असेल असं वाटतं ना? घासाघिशीतून आला. युरोपवाले म्हणाले, तुकड्यात माल ३२ बाइट पाहिजे, नाहीतर फोनवर प्रतिध्वनी येईल. अमेरिकेवाले म्हणाले, ६४. आपल्याकडे पूर्वी कापसाच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरत तशी बोटं धरली गेली आणि ४८ वर तुटलं. त्यावर ५ बाइटचा पत्ता. म्हणजे दर ५३ मागे ५, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, फक्त पत्ता लिहिण्यात गेले. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माल बाजारात नेला की हमाली, तोलाई कापूनच पट्टी हातात येते.

दुसरा उमेदवार टोकन रिंग. यात तारेवरून एक टोकन फिरतं आणि ज्याच्याकडे टोकन त्यानंच बोलायचं. कागदावर फार सभ्य व्यवस्था. पण आपल्याकडे टोकन म्हणजे माइक. सत्काराच्या कार्यक्रमात ज्याच्या हाती माइक गेला त्यानं तो आपणहून खाली ठेवल्याचं मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. समितीनं हा पर्याय सहा मिनिटांत निकाली काढला. फाइलमधला हा एकमेव जलद निर्णय.

उरलं इथरनेट. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. १९८३ मध्ये त्याचं मानक मंजूर झालं. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. मूळ इथरनेटची पद्धत आपल्या चहाच्या टपरीची होती. तार एकच, ज्याला वाटेल त्यानं बोलावं. दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हावं, आपापल्या मनानं थोडं थांबावं आणि पुन्हा तोंड उघडावं. शिस्तीच्या लोकांना याची फार किळस यायची. पण हेच गबाळं टिकलं. १९९५ ला १०० मेगाबिट झालं, १९९८ ला १०००, २००२ ला दहा हजार. मधल्या काळात स्विच आला, जो तो आपापल्या तारेवर बोलू लागला आणि आरडाओरडा संपला. आजच्या इथरनेटमध्ये जुन्यातलं जवळपास फक्त नाव आणि पाकिटाचा नमुना उरला आहे. आपले पक्ष बघा ना. नाव तेच, झेंडा तोच, आतली माणसं तेवढी सगळी बाहेरून आलेली. आणि मतदार म्हणतो, आमचं घराणं पहिल्यापासून याच पक्षात.

हे सगळं मी समितीला रेल्वेच्या भाषेत सांगितलं, कारण गेजचं दुःख या भागाइतकं कुणी भोगलेलं नाही. अकोल्याला मुंबई–नागपूर ब्रॉडगेज आणि खंडव्याकडे जाणारी मीटरगेज होती. तिथून चाळीसेक किलोमीटरवर मूर्तिजापूर, तिथं नॅरोगेजची शकुंतला, एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला जायचा. रूळ कुठं १६७६ मिलिमीटर रुंद, कुठं १०००, कुठं ७६२ असायचे. शकुंतला साहेबाच्या कंपनीनं कापसासाठी बांधली. तिचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, ते १९९४ पर्यंत राबलं. एवढं आयुष्य आजवर कुठल्या राउटरला लाभलेलं नाही. पण कापसाची गाठ मूर्तिजापूरला आली की थांबणार. छोट्या डब्यातून हमाल आकडा रुतवून ती ओढणार, पाठीवर घेणार, मोठ्या डब्यात टाकणार. गाठीला कळतही नव्हतं की आपला प्रोटोकॉल बदलला. हमालाच्या मणक्याला कळत होतं.

एटीएमचा दावा असा होता की घरापासून मुंबईपर्यंत एकच गेज टाकू, हमाल नको. दावा खोटा नव्हता. पण तोपर्यंत जगातल्या प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरला इथरनेटचं सॉकेट लागून गेलं होतं. मग एटीएमच्या दाराशी पुन्हा हमाल बसवावाच लागला: इथरनेटची गाठ फोडा, ४८-४८ चे तुकडे करा, पलीकडे पुन्हा गाठ बांधा. हमाल टाळायला रेल्वे आणली आणि हमालच वाढले.

गंमत पुढं आहे. समितीनं ज्याला ठेवून घेतलं नाही, ते एटीएम नंतर मागच्या दारानं घराघरात शिरलं. २००५ नंतर टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं तेव्हा मोडेम बसवायला आलेला पोरगा शून्य आणि पस्तीस असे दोन आकडे टाकायचा. आठवतं? ते एटीएमचेच आकडे. खुद्द आमचे अध्यक्ष घरी कित्येक वर्षं एटीएम वापरत होते आणि बैठकीत येऊन ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ असं लिहून घेत होते.

फाइल पुढं चालली. ६४ किलोबिटची लीज्ड लाइन, मग आयएसडीएन, मग फ्रेम रिले. प्रत्येकाचं कोटेशन मागवलं. तीन कोटेशनं जमेपर्यंत ते तंत्रज्ञान म्हातारं झालेलं असायचं आणि समिती पुन्हा ‘जुने की नवे’ या मूळ प्रश्नावर यायची. मार्च २०१० मध्ये केंद्रानं नॅशनल नॉलेज नेटवर्कला ५,९९० कोटी मंजूर केले, देशातल्या विद्यापीठांना आणि संशोधनसंस्थांना गिगाबिटच्या तारेनं जोडायला. आमच्या फाइलवर त्याचा शेरा: ‘माहितीस्तव.’ मग जून २०२२ उजाडला. अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात गेला. महामार्गाचा क्रमांक ५३. एटीएमच्या तुकड्याइतकाच, योगायोग बघा. पाच दिवसांत रस्ता. त्याच रस्त्याच्या कडेनं केबल न्यायची की भाड्यानं घ्यायची, हे ठरवायला आमच्याकडे चोविसावं वर्ष चालू होतं.

मी कळकळीनं सांगितलं की आता वाद उरलेला नाही. कॅम्पसमध्ये फायबरवर इथरनेट, गावांदरम्यानही कंपन्या इथरनेटच्याच सॉकेटमध्ये लिंक देतात, आत एमपीएलएस असो की आणखी काही, तुमच्या हाती एकच तोंड. गेज एक झालं. त्यावर अध्यक्षांनी विचारलं, ‘मंग नवीन काय हाय?’

मी म्हणालो, नवीन असं काही नाही.

‘मंग ठराव कसा कराचा?’

तेव्हा कोपऱ्यातून लॅब असिस्टंट बोलला. या माणसाच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी क्रिम्पिंगची पक्कड असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की सर्व्हर रूममधल्या लोखंडी कपाटाचं दार काढून तो त्याच्यापुढं कूलर लावतो. ताट्यांचं ओलं वारं दिवसभर स्विचवर, आणि स्विच जिवंत. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली केबल शोधतो. गच्चीवरच्या वायरलेसच्या खांबावर लंगूर बसले की लिंक आसेगावकडं तोंड करते, ती हातानं फिरवून पुन्हा सरळ करतो. तो म्हणाला, ‘साहेब, मले जुनं-नवं समजत नाही. बिघडलं तं राजकमल चौकात भेटते का, येवढं सांगा. जे तिथं भेटते ते लावा.’

इतिवृत्तात हे वाक्य नाही. बोलणाऱ्याचा हुद्दा सदस्याचा नव्हता. पण एटीएम का मेलं यावर मी आजवर जितकं वाचलं, ते सगळं मिळून एवढंच निघतं. एटीएमचं कार्ड मुंबईहून मागवावं लागायचं. इथरनेटची पिन पानाच्या ठेल्याशेजारच्या दुकानात सुटी मिळते.

पुढं काय होईल, असंही मला विचारलं. मी हात जोडले. इथरनेटच्या निर्मात्यांपैकी एक, बॉब मेटकाफ, सदरलेखकही होते. १९९५ मध्ये त्यांनी छापून टाकलं की पुढच्या वर्षी इंटरनेट कोसळणार, न कोसळल्यास लिहिलेलं खाईन. १९९७ मध्ये भर सभेत त्यांनी तो कागद मिक्सरमध्ये फिरवला आणि प्यायला. आपल्याकडे सोबत ठेचा असला तरी वर्तमानपत्र घशाखाली उतरत नाही.

ठराव झाला: जुन्या व नव्या दोन्ही पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमण्यात यावी. चहा आला. तेवढ्यात अकोल्याहून फोन आला, लिंक सकाळपासून बंद, चित्रीकरणाच्या फाइली आजच पाहिजेत, ६४ जीबी. मी पाकिटामागं हिशेब मांडला. ६४ किलोबिटच्या जुन्या लाइनवर त्र्याण्णव दिवस. दोन मेगाबिटवर तीन. एसटीनं अडीच तास, म्हणजे सेकंदाला सत्तावन्न मेगाबिट, तेही हाफ तिकीट न मागता. असिस्टंटनं पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळला, वरच्या खिशात पक्कडीच्या खाली ठेवला आणि स्टँडकडे निघाला. मी बैठकीचं टीए बिल भरत बसलो होतो तोवर ग्रुपवर त्याचे मेसेज येत राहिले.

‘लिंक बडनेऱ्याले.’

‘लिंक मूर्तिजापूर. गाडी दहा मिनिटं थांबली. चहा.’

‘बोरगाव मंजू सोडलं.’

‘अकोला स्टँड. ऑटो पाहून राह्यलो.’