सोलोपंत

रविवारी सहाच्या सुमारास आमच्या टपरीसमोर एक अंतराळवीर उतरतो. हेल्मेटवर कॅमेरा, छातीवर कवच, गुडघ्यांवर वाट्या. बूट असे कडक की बाकावर आधी माणूस बसतो आणि पाय नंतर, सवडीने बसतात. गाडी हिमालयन, वजन दोनशे किलोच्या घरात. मुक्काम सावेडी, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत. एका चहात चार वेळा ‘सोलो’ म्हणतो, म्हणून आम्ही त्याला सोलोपंत म्हणतो.

चिलखताचं आम्हाला नवल नाही. नगर हे आधीच गाड्यांच्या परीक्षेचं गाव. लष्कराची वाहनं इथल्या व्हीआरडीईत तपासतात आणि केके रेंजवर रणगाडे धुरळा उडवतात. पण रणगाड्यात निदान तिघं-चौघं तरी असतात.

सोलोपंताला हवी असते आमची पाणंद. डोंगरगणच्या अलीकडून फुटून वांबोरीच्या बाजूला काळ्या रानात उतरते ती. तिच्यासाठी अर्ज करता करता गावाची एक पिढी म्हातारी झाली. 2021 साली सरकारने मातोश्री नावाची पाणंद रस्त्यांची योजना काढली, तेव्हा टपरीवर पेढेसुद्धा वाटले. पाणंद आहे तिथंच आहे, आणि त्याचा आनंद होणारा सोलोपंत हा जगातला एकमेव माणूस. “याला खडी टाकू नका हो,” असं त्याने माजी सरपंचांना हात जोडून सांगितलं. तेव्हापासून त्याच्या चहाचे पैसे सरपंच देतात.

तयारीत मात्र त्याला नाव ठेवायला जागा नाही. पंक्चरचं सामान, हवेचा छोटा पंप, क्लच वायर, चेनची जादा कडी, प्रथमोपचाराची पेटी. पाण्याची पिशवी पाठीवर आणि नळी तोंडात, तान्ह्या बाळासारखी. टायरमधली हवा टपरीवरच थोडी सोडतो. टायर पसरला की पकड वाढते म्हणे, आणि ते खरंच आहे. पडलेली गाडी कशी उचलावी याचं प्रात्यक्षिकही त्याने आम्हाला दाखवलंय: पाठ सीटला टेकवायची, हँडल धरायचं आणि जोर कमरेने नाही, मांड्यांनी लावायचा.

“घरी सांगून येता का, कुठं चाललाय ते?” मी एकदा विचारलं.

“सांगतो ना. जिमला चाललोय म्हणून.”

मागच्या श्रावणात रात्री पाऊस झाला आणि सकाळी सोलोपंत पाणंदीत शिरला. काळी माती ओली झाली की खव्यासारखी चिकटते. टायर आणि मडगार्डच्या मधे ती ठासून भरली, पुढचं चाक जाम झालं आणि गाडी हळूच, अगदी अदबीने, आडवी झाली. बूट खाली अडकला. मोबाइलला एक काडी रेंज नाही. अशा वेळेसाठी त्याने खास शिट्टी आणलेली होती. पण शिट्टी बॅगेत, बॅग गाडीवर आणि गाडी पायावर. मांड्यांनी जोर लावायचा, तर मांडी एकच मोकळी.

अर्ध्या तासाने दूधवाले तात्या आले. जुनी स्प्लेंडर, दोन कॅन, पायात स्लीपर. पुढचं मडगार्ड त्यांनी मृगातच काढून घरी टांगलेलं असतं.

“काय साहेब, हितं का निजलात?”

तात्यांनी आधी कॅन उतरवून सावलीत ठेवले. दूध नासलं असतं. साहेब नासणार नव्हते. मग धोतर खोचून, कमरेला नको तेवढा जोर देऊन, गाडी उचलली. बाभळीची काडी मोडून चाकातला चिखल कोरत बसले.

तेवढ्यात बांधावरून हाका आल्या. डेअरीवरचा पोरगा धापा टाकत आला, पाठोपाठ तात्यांची सून.

“काय झालं तात्या? आज दहा मिनटं उशीर?”

सोलोपंत काही बोलला नाही. नळी तोंडात धरून पाणी पीत राहिला.

हल्ली शिट्टी त्याच्या गळ्यात असते. टपरीवर तो पावणेसातपर्यंत रेंगाळतो, हवा सोडतो, भरतो, पुन्हा सोडतो. तात्या पुढे गेले की दोन मिनिटांनी गाडीला स्टार्टर मारतो. त्याच्या व्हिडिओंवर अजून ‘सोलो’च लिहिलेलं असतं. तात्या कुठंच दिसत नाहीत. फक्त कान देऊन ऐकलं, तर पुढं कुठंतरी कॅन खडखडतात.